तुतीखालचं भाषण

"'पराक्रम' किती वेळा आलाय?" कर्नल कर्णिकांनी विचारलं.

मी मोजलं. पहिल्या दोन पानांतच सात वेळा आला होता.

"आणि 'निर्णायक वळण'?"

"तीनदा, सर."

"एवढीशी टेकडी हो ती. तुम्ही तिचा घाट करून टाकलात." मी लिहून नेलेलं भाषण त्यांनी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "तुमचं राहू द्या. मी लिहून ठेवलंय."

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि 'युद्धातील निर्णायक क्षण आणि नेतृत्व' या विषयावर प्रबंध लिहीत होतो. बंदूक मी तोवर फक्त बँकेच्या दारात पाहिली होती.

कॉलेजपासून दहा मैलांवर खडकवणे नावाचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. पासष्टच्या लढाईत एका टेकडीवर पलटणीची एक तुकडी संपली, त्यात गावचे सहाजण होते. तीस वर्षांनी गावानं त्यांचा स्मारकस्तंभ उभारायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष हणमंतराव शेडगे हे पलटणीतून हवालदार-क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टाइपरायटरसमोर गेल्यामुळे युद्धाबद्दलची त्यांची मतं फार कडक होती. स्मरणिकेचं संपादन आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण या दोन्ही गोष्टी त्यांनी माझ्या गळ्यात घातल्या होत्या.

प्रमुख पाहुणे म्हणजे कर्नल कर्णिक. पासष्टला ते मेजर होते, ती तुकडी त्यांच्याच कंपनीतली. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी : टेकडीवरच्या तीस जणांनी शत्रूला दिवसभर अडवून धरलं. दोन जखमी सकाळीच खाली पाठवले होते. उरलेले अठ्ठावीस तिथंच पडले. तेवढ्या वेळात पलटणीनं मागं नवी फळी बांधली आणि शत्रूचा रेटा तिथंच थांबला. लढाई फिरली. मेजर कर्णिकांना पदक मिळालं. माझ्या प्रबंधात या टेकडीला बेचाळीस पानं होती.

आता कर्नल पुण्यात एकटेच राहत होते. हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांनी टेबलाच्या खणातून निळ्या शाईनं लिहिलेले कागद काढले.

"मजकूर हाच. एक शब्द इकडचा तिकडं नको. फक्त अक्षरं मोठी करून आणा. मला आता वाचता येत नाही."

"हो सर."

"गजराबाई निकम येणार आहेत ना?"

"येणार आहेत. त्यांचा सत्कार तुमच्याच हस्ते आहे." गजराबाई म्हणजे टेकडीवरच्या तुकडीचे प्रमुख नायब सुभेदार बाळकू निकम, त्यांच्या पत्नी.

"त्यांना पहिल्या रांगेत बसवा. ऐकू येतं ना त्यांना?"

"चांगलं येतं, असं शेडगे म्हणाले."

"मी हे त्यांच्यासाठी लिहिलंय, प्राध्यापक. बाकीच्यांनी ऐकलं काय आणि न ऐकलं काय. तीस वर्षांत दोनदा गेलो त्यांच्या घरी. एकदा चहा पिऊन परत आलो, एकदा चहा न पिता. बोलणं झालं नाही. आता कागदावरचं वाचणार आहे, म्हणजे मधेच उठता येणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "ऐकून त्या काय म्हणतात, ते मला पाहिजे. शिव्या दिल्या तरी चालतील. खरं तर तेवढ्यासाठीच येतोय."

परतीच्या एसटीत मी ते कागद वाचले. आठ पानं. पराक्रम एकदाही नव्हता.

लिहिलं होतं ते असं. लढाईच्या आदल्या दिवशी सकाळी मेजर कर्णिकांनी कंपनीला एका तुतीच्या झाडाखाली गोळा केलं. शत्रू टेलिफोनच्या तारेला तार जोडतो, आपल्या भाषेत खोटे हुकूम देतो, अशा बातम्या तेव्हा रोज येत होत्या. सावध राहा, एवढंच सांगायचं होतं. पण समोर शंभरावर जवान बसले होते, सगळे तोंडाकडं बघत होते, आणि मेजरांचं वय होतं एकतीस. ते म्हणाले :

"उद्या टेलिफोनवर माझा आवाज येईल. 'लढा' म्हणेल, ऐका. 'गोळ्या जपून मारा' म्हणेल, ऐका. पण 'मागे या' म्हणाला तर तो मी नव्हे! नाव माझं असेल, आवाज माझा असेल, तरी समजा मेजर कर्णिकाच्या मानेवर दुश्मनाची सुरी आहे. ऐकू नका!"

कंपनीनं जयजयकार केला. 'भाषण चांगलं झालं', कर्नलांनी लिहिलं होतं. 'मागे बोलावण्याची वेळ येईल असे मला वाटले नव्हते. वाक्य सुचले, म्हणून बोललो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीला डावीकडून वळसा पडला आणि तुकडी मागं घ्या, असा पलटणीचा हुकूम आला. एक वाजून दहा मिनिटांनी मेजरांनी फील्ड टेलिफोनचा दांडा फिरवला.

"बाळकू, मागे या. सगळे. नाल्यानं या."

"कोन बोलतंय?"

"मी. मेजर कर्णिक."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आमचं साहेब असं बोलत न्हाईत. तू कोन हायेस त्ये सांग, म्हंजी कुटल्या भाषेत शिव्या द्याच्या त्ये कळंल."

फोन बंद.

पंधरा मिनिटांनी दुसरा. या वेळी मेजरांनी बाळकूच्या मुलीचं नाव सांगितलं, गावच्या विहिरीची जागा सांगितली, नकाशावाचनाच्या परीक्षेत बाळकू दोनदा नापास झाला होता तेही सांगितलं. मग बाळकू म्हणाला, "ह्ये समदं साहेबांस्नीच ठाव हाय. म्हंजी साहेब तुमच्या ताब्यात हायत."

मधे दोन माणसं निरोप घेऊन टेकडीकडं पाठवली. एक नाल्यातच पडला, दुसरा दंडात गोळी घेऊन अर्ध्या वाटेवरून परत आला.

तिसऱ्या फोनवर मेजरांनी आई-बापावरून शिव्या दिल्या, कोर्ट मार्शल करीन म्हणाले. "करा की," बाळकू म्हणाला, "आमी हितंच हाय."

चौथ्या फोनला मेजरांचा आवाज फुटला. ते विनवू लागले. तेव्हा बाळकूनं लहान पोराला समजवावं तसं सांगितलं, "साहेब, धरलंय न्हवं तुमाला? घाबरू नगा. वाईच कळ काढा. अंधार पडला की आमी सोडवाया येतो."

एसटी थांब्यावर लागली तरी मी बसून होतो. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, मुक्काम करायचा विचार आहे काय?"

आता माझं काम एवढंच होतं की अक्षरं मोठी करायची. पण मी शिकलेला माणूस. कर्नलांनी सगळं रिपोर्टासारखं लिहिलं होतं : इतके वाजता अमुक, इतके वाजता तमुक. मला वाटलं, असं वाचलं तर मांडवात कुणाच्या डोक्यात काही शिरणार नाही. मग मी एक वाक्य तोडलं. ते बरं वाटलं, म्हणून आणखी दोन तोडली. 'ऐकू नका!' पुढं रेघ मारून कंसात 'थांबावे' असं लिहिलं. नकाशे, दिशा, तुकड्यांचे क्रमांक काढून टाकले. दुसऱ्या फोनपासून प्रत्येक फोनच्या आधी एक छोटं वाक्य घातलं : 'मी पुन्हा दांडा फिरवला.' ते तीनदा आलं की ऐकणारा हलणारच, असं वाटलं. ते स्वतःशीच मोठ्यानं वाचून पाहिलं, तेव्हा मला लेखक झाल्यासारखं वाटलं.

आणि शेवटचं अर्धं पान मी गाळलं. हे मला शेडग्यांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दोष निदान वाटून घेता आला असता. 'आम्ही सोडवायला येतो' या वाक्यानंतर आणखी काही आलं की शेवट ढिला पडत होता, एवढंच कारण.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता. कुठल्याशा खात्याचे राज्यमंत्री यायचे होते, ते बाराला आले. तोवर कर्नल मांडवात ताठ बसून होते. गजराबाई पहिल्या रांगेत, साधं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर हात. शेजारी त्यांची मुलगी. कर्नलांनी लांबून हात जोडले, बाईंनीही जोडले.

"सर," शेडगे माझ्या कानाशी लागले, "साहेबांना दहा मिंटं. मंत्र्यांना फुडं एक पूल उघडायचाय."

"पूल कुठं पळून जात नाही."

"पूल न्हाई जात, मंत्री जात्यात."

कर्नल उठले. माझ्या हातून कागद घेतले, डोळ्यांजवळ नेले. पहिलंच वाक्य वाचून त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. ते वाक्य त्यांचं नव्हतं. मी मांडवाच्या झालरीकडं बघत राहिलो.

त्यांना थांबता आलं असतं. पण ते वाचत गेले. आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. त्या म्हाताऱ्या, दम लागलेल्या माणसाचा आवाज हळूहळू उघडत गेला. तुतीखालचं भाषण आलं तेव्हा त्यांनी कागद खाली केला. ते वाक्य त्यांना पाठ होतं. "...तरी समजा मेजर कर्णिकाच्या मानेवर दुश्मनाची सुरी आहे. ऐकू नका!" जिथं मी 'थांबावे' लिहिलं होतं, तिथं ते थांबले.

मांडवात शिट्ट्या पडल्या. टाळ्या. मागून कुणीतरी घोषणा दिली.

कर्नल गोंधळले. त्यांनी हात वर केला. गप्प बसा, ऐका, असा तो हात होता, पण लोकांना तो पुढाऱ्याचा हात वाटला आणि टाळ्या वाढल्या. मग ते पुढं वाचू लागले. "मी पुन्हा दांडा फिरवला." एकेका फोनला मांडव आणखी शांत होत गेला. मंत्र्यांनीसुद्धा घड्याळ बघणं सोडलं. गजराबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

"'...अंधार पडला की आम्ही सोडवायला येतो.'"

मग अख्खा मांडव उठून उभा राहिला. हजार-बाराशे माणसं. शेडगे ओक्साबोक्शी रडत होते. "साहेब सांगून गेले ऐकू नका, आन पोरांनी साहेबांचंबी ऐकलं न्हाई!" ते माइकवर ओरडले. "ह्याला म्हनत्यात निष्ठा! ह्याला म्हनत्यात लीडरशिप!" आणि बँडवाल्यांना खूण केली.

कर्नलांनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी परत उलटलं.

"प्राध्यापक," ते बँडच्या आवाजात माझ्याकडं झुकून म्हणाले, "पुढचं पान?"

"एवढंच आहे, सर."

"एवढंच नाही."

नव्हतंच. त्या अर्ध्या पानावर होता पाचवा फोन. हा बाळकूनं केलेला, तीनला दहा कमी असताना. त्याच्या थोडं आधी कमांडिंग ऑफिसर स्वतः कंपनीच्या ठाण्यावर येऊन पोचले होते. ते म्हणाले, "कर्णिक, ती टेकडी आणखी दोन तास टिकली तर मागची फळी उभी राहते. मागे घ्यायचा हुकूम रद्द समज." आणि फोन वाजला.

"साहेब," बाळकू म्हणाला, "आठजण उरलोय. मानंवर सुरी आसू दे न्हाईतर नसू दे. आता कायबी इचारत न्हाई. एकडाव म्हना, मागं या. म्हनलात तर येतो."

मेजर कर्णिकांनी रिसीव्हर कानाशी धरून ठेवला. शेजारी ऑफिसर उभे होते. मेजर 'या' म्हणाले नाहीत. 'थांबा'ही म्हणाले नाहीत. थांबा म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता, त्याची जबाबदारी आली असती, कुठल्यातरी वहीत नोंद झाली असती. काहीच म्हटलं नाही, त्यामुळं ते कुठल्याच इतिहासात नाही. माझ्या बेचाळीस पानांतही नव्हतं.

बाळकू बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "बरं साहेब. समजलो."

'तो काय समजला ते मला माहीत नाही', हे कर्नलांच्या मूळ कागदावरचं शेवटचं वाक्य.

तोवर शेडग्यांनी गजराबाईंना स्टेजवर आणलं होतं. ताटात साडी, नारळ. कर्नलांनी ताट घेतलं आणि दिलंच नाही, हातातच धरून ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "संपलेलं नाही. अजून आहे."

"बास झालं साहेब. दमलासा." बाईंचे डोळे पाण्यानं भरले होते, पण चेहरा हलका दिसत होता. "एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"नाही. सांगा. त्यासाठीच आलोय मी."

"तीस वर्सं झाली. रातीला डोळा लागला की मला याकच दिसायचं. ह्ये टेकडीवर हायत, आन खाली समदी फौज मागं निगून गेलीया. ह्यांना बलवायचं कुनाच्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. घरची मान्सं म्हनायची, आसं कसं हुईल? पर मनात यायचं, हुतंय की. एवढ्या मान्सांत याक गडी इसरत्यात." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आज कळलं. तुमी बलवलंसा. चार येळा बलवलंसा. रडून बलवलंसा. त्येच ऱ्हायले, त्येंचा सोभाव. पर बलवलंवतं. लई थंड वाटलं जिवाला."

कर्नलांनी तोंड उघडलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"काय म्हनत हुता साहेब? अजून हाय म्हनालासा न्हवं?"

बँड थांबला होता. मंत्री आत्ताच उठले होते, मांडव त्यांच्याकडं बघत होता. बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

कर्नलांनी ताट बाईंच्या हातात दिलं.

"काही नाही," ते म्हणाले.

बाई त्यांच्या पाया पडल्या. त्यांनी मागं सरकायचा प्रयत्न केला, पण मागं खुर्ची होती.

त्या भाषणाचं पुढं खूप चांगलं झालं. स्मरणिकेच्या दोन आवृत्त्या निघाल्या. 'ऐकू नका!' पर्यंतचा उतारा खडकवण्याच्या भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गाच्या भिंतीवर रंगवलाय. माझा प्रबंध मान्य झाला. परीक्षकांनी टेकडीच्या प्रकरणाचं खास कौतुक केलं, 'नेतृत्व आणि निष्ठा यांचं नातं प्रथमच उलगडलं आहे' असं लिहिलं. कर्नल ते बघायला नव्हते. ते त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले.

पण कार्यक्रमाच्या त्या दिवशी समितीनं भाड्यानं केलेल्या अॅम्बॅसिडरमधून मी त्यांना पुण्याला सोडायला निघालो होतो. गळ्यातले हार त्यांनी काढले नव्हते, काढायचं सुचलं नसावं. सुरूरचा फाटा आला तेव्हा ते माझ्याकडं वळले. मग हात पुढं केला.

"ते पान आहे?"

होतं. इतिहासाचा माणूस कागद फाडत नाही, फक्त वापरत नाही. मी फाइलमधून काढून दिलं. त्यांनी ते डोळ्यांना चिकटवून, एकेक ओळ सरकवत वाचलं.

"सर, चूक झाली माझी. स्मरणिकेत पूर्ण छापतो."

"अजिबात नाही."

"मग बाईंना तरी... मी स्वतः जाऊन वाचून दाखवतो. उद्याच जातो."

"काय वाचून दाखवाल? चार वेळा बोलावलं, एवढं एक तिला आज मिळालंय. ते काढून घ्यायचं तिच्याकडून? कशासाठी? मला झोप लागावी म्हणून?"

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि लगेच रस्त्याकडं पाहिलं.

"शिव्या खायला आलो होतो मी," कर्नल म्हणाले. "पाया पडून घेऊन चाललोय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. दिलगिरी, सांत्वन, निदान खरं कारण, की शेवट ढिला पडत होता. यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"गप्प का?"

"काय बोलावं सुचत नाही, सर."

"हं. मलाही सुचलं नव्हतं." त्यांनी पानाची घडी घातली आणि माझ्या फाइलवर ठेवली. बराच वेळ बाहेर बघत राहिले. बाहेर ऊन होतं, उसाच्या गाड्या होत्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्ही चांगले कमांडर झाला असतात, प्राध्यापक," ते म्हणाले.

मी ते घडीचं पान फाइलमध्ये परत ठेवलं.